जिनिंगच्या फाटकावरची बाराबोर: गोळी कधी आणि कोणाच्या हुकमावर?

हे प्रकरण यवतमाळ-वर्धा कापूसपट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचं, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्याचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न साधा दिसतो: फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती परवान्याची बंदूक देऊन त्याला फाटकावर उभं केलं, तर त्याने गोळी कधी चालवायची? फौजेत त्याला याचं उत्तर कार्डावर छापून मिळत होतं. इथे कार्ड कोणी दिलंच नव्हतं.

पार्श्वभूमी

कारखाना राज्यमार्गाला लागून, तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटरवर. पुढे काटा आणि ऑफिस, मध्ये जिनिंगची शेड, डावीकडे गठाणींचं गोदाम, मागे उघड्यावर कापसाच्या गंज्या. मजुरांच्या खोल्या गोदामाच्या पाठीला. मागची भिंत सात फुटी, तिच्या पलीकडे पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर आणि मग नाला. डिसेंबरात पऱ्हाटी कमरेच्या वर असते. तिच्यात बसलेला माणूस दहा पावलांवरून दिसत नाही आणि रानडुक्कर शिरलं तर माणसाइतकाच आवाज करतं.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. सुरुवातीलाच दोनदा सरकीची पोती गेली, एकदा मोटारीची तांब्याची केबल कापली गेली. मालकाने एजन्सी बदलली आणि माजी सैनिकांची मागणी केली. दोघे आले. एक हवालदार, पायदळातून निवृत्त, काश्मीरमध्ये दोन वेळा तैनाती झालेला. दुसरा नाईक, सेवेची शेवटची वर्षं डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये दारूगोळ्याच्या डेपोवर पहारा दिलेला. दोघांकडे स्वतःच्या परवान्याची बाराबोर दुनळी. रात्रपाळीला यांच्यापैकी एक आणि सोबत एक लाठीवाला. एजन्सीचा सुपरवायझर निवृत्त सुभेदार, काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आलेला.

त्या रात्री काय झालं

डिसेंबरातली रात्र, दीडच्या सुमारास. मागच्या भिंतीवरून चौघं आत उतरले आणि पॅनलजवळची केबल कापायला लागले. हवालदार चाळीसेक मीटरवर होता. त्याने बॅटरी मारली आणि तीनदा आवाज दिला. उत्तरादाखल दगड आले, एक लाठीवाल्याच्या खांद्याला लागला. चौघांपैकी एकाच्या हातात कोयता होता, पण तो जागेवरच उभा होता, पुढे आला नाही. हवालदाराने बंदूक भरली, नळी खाली ठेवली आणि काट्याच्या केबिनकडे सरकत 112 लावला. चोर केबलचं वेटोळं घेऊन भिंतीवरून गेले. पोलिसांची गाडी पोचायला पाऊण तास लागला.

सकाळी मालक आले. "मंग बंदूक कायले देली तुमाले? शोभेसाठी?" एवढं बोलून त्यांनी ड्युटी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: रात्री भिंतीच्या आत अनोळखी माणूस दिसल्यास ताबडतोब गोळी चालवावी. खाली सही, वर कारखान्याचा शिक्का.

हवालदाराने त्या पानावर सही करायला नकार दिला. नाईकाने केली. पेच इथून सुरू झाला.

एकाच फौजेच्या तीन सवयी

नाईक बेफिकीर होता म्हणून त्याने सही केली, असं नाही. डेपोवरच्या संत्रीला एक ठरलेली रेघ असते. तिच्या आत कोण येऊ शकतो याची यादी असते, बाकीच्यांना 'थम, कौन आता है' असा आवाज. आतला माल फुटला तर आजूबाजूची गावं हादरतील, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. त्याने तीच रेघ जिनिंगच्या भिंतीवर आणून ठेवली.

हवालदाराची सवय वेगळ्या मुलखातली. जम्मू-काश्मीरसारख्या अशांत घोषित क्षेत्रात सैन्याला विशेषाधिकार कायदा लागू असतो आणि तिथे योग्य इशारा दिल्यावर, ठरावीक परिस्थितीत, जीव जाईल असा गोळीबारही करता येतो. पण त्याच कायद्यासोबत 'काय करा, काय करू नका' अशी यादी खिशात असते. ती यादी सैन्यावर बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये नागा पीपल्स मूव्हमेंटच्या निकालात सांगितलं. 2016 च्या मणिपूर प्रकरणात तर, अशांत क्षेत्रातही गैरवापराला सरसकट संरक्षण नाही, असं स्पष्ट केलं. हवालदार या वातावरणात मुरलेला. गोळीनंतर प्रश्न विचारले जातात हे त्याने पाहिलेलं होतं.

सुभेदाराची सवय तिसरीच. शांतिसेनेत स्वसंरक्षणासाठी आणि प्रत्यक्ष हिंसेच्या तत्काळ धोक्यात असलेल्या नागरिकांसाठी बळ वापरता येतं. त्यात मालमत्ता बरीच मागे राहते.

तिघांचा गणवेश एकच होता. नियम मात्र कामगिरीप्रमाणे बदलत गेले. माजी सैनिक ठेवला म्हणजे शिस्त आपोआप आली असं मालक लोक धरून चालतात, तिथेच घोळ होतो. शिस्त येते, पण कुठल्या कामगिरीची, हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या देशांची कार्डं

सुभेदाराने एक दुपार दोघांना बसवून वेगवेगळ्या सैन्यांचे नियम समोर मांडले. जिनिंगला नाटो काय करायची आहे, असं कोणीही म्हणेल. पण मालकाच्या त्या एका ओळीत नेमकं काय चुकलं हे त्या तुलनेतूनच उघडं पडलं.

अमेरिकी सैन्याच्या कायम नियमांत स्वसंरक्षण हा तुकडीच्या प्रमुखाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. समोरच्याने शत्रुत्वाची कृती केली किंवा तसा हेतू दाखवला, तर उत्तर देता येतं. 'नजीकचा धोका' म्हणजे याच क्षणी कोसळणारा धोका असं तिथे मानत नाहीत, त्यामुळे हेतू ओळखण्याची मोकळीक मोठी. याखेरीज वरून एखाद्या गटाला 'शत्रू' घोषित केलं, की मग त्या गटातला माणूस काय करतोय हे पाहावं लागत नाही, तो कोण आहे एवढं पुरतं.

मालकाने नेमकं हेच केलं होतं. भिंतीच्या आतला प्रत्येक अनोळखी माणूस त्यांनी शत्रू घोषित केला. हा अधिकार युद्धात सरकारकडे असतो. कारखान्याचा शिक्का कितीही मोठा असला तरी त्याने तो मिळत नाही.

ब्रिटिश सैनिकाचं कार्ड याच्या दुसऱ्या टोकाला. युद्धाबाहेर तो आपल्या देशाच्या साध्या फौजदारी कायद्याला बांधलेला असतो: परिस्थितीत वाजवी असेल तेवढंच बळ. आधी आवाज द्यायचा, अपवाद फक्त त्याने जीवाचा धोका वाढत असेल तेव्हा. गोळी नेम धरून आणि गरज असेल तेवढ्याच. 1990 मध्ये पश्चिम बेलफास्टच्या नाक्यावर क्लेग नावाच्या सैनिकाने एका भरधाव गाडीवर चार गोळ्या झाडल्या. पहिल्या तीन स्वसंरक्षणात धरल्या गेल्या. चौथी सुटली तेव्हा गाडी पुढे निघून गेली होती, म्हणजे धोका टळला होता. त्या गोळीवर खुनाची शिक्षा झाली आणि ती 1995 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कायम ठेवली. पुढे नवा पुरावा आल्यावर 1999 च्या फेरसुनावणीत तो त्या आरोपातून सुटला. तरी मधली वर्षं गेलीच. हवालदार या प्रकरणाशी बराच वेळ थांबला, कारण त्याच्या समोरचे चौघंही पाठ फिरवूनच भिंतीवर चढले होते.

जपानचा नियम जिनिंगला सगळ्यात जवळचा निघाला. तिथल्या स्वसंरक्षण दलाला आपली शस्त्रं आणि सामग्री राखण्यासाठी हत्यार वापरता येतं. पण माणसाला इजा करायची तर ती स्वसंरक्षणात किंवा तातडीच्या संकटातच. म्हणजे मालासाठी बंदूक हाती घ्या, पण मालासाठी माणूस पाडू नका. अमेरिकेतही देशांतर्गत पहाऱ्यावर मालमत्तेसाठी जीवघेणं बळ सरसकट चालत नाही. राष्ट्रीय सुरक्षेला अत्यावश्यक किंवा मुळातच घातक अशा मालासाठीच ती सूट आहे. डेपोतला दारूगोळा त्यात बसेल, सरकी बसणार नाही. नाईकाला त्याची चूक इथे दिसली.

इस्रायली सैन्यात संशयिताला पकडण्याची पायरी प्रसिद्ध आहे: आवाज, मग हवेत गोळी, मग पायावर. अमेरिकेत देशांतर्गत कामावर इशाऱ्याची गोळी साधारणपणे मना आहे. आपल्याकडे 'आधी हवेत' हे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, म्हणून त्यावर पुढे वेगळा निर्णय घ्यावा लागला.

आणि आपल्या सरहद्दीचंच उदाहरण. चीनसोबतच्या 1996 च्या करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचं कलम आहे. जून 2020 मध्ये गलवानला 20 भारतीय जवान गेले, ते दगड, दांडे आणि खिळ्यांच्या रॉडच्या मारामारीत. स्वसंरक्षणाचा हक्क कुठलाही देश नाकारत नाही. धोका कुठून सुरू झाला मानायचा, हे कोण ठरवणार आणि मालाची किंमत किती धरायची, या जागी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

घरचा कायदा

फाटकावरच्या गार्डला विशेषाधिकार कायदा नाही, पोलिसांचे अधिकारही नाहीत. (गडचिरोलीतही विशेषाधिकार कायदा लागू नाही. तिथले पोलीस साध्या फौजदारी कायद्याखालीच काम करतात.) त्याच्याकडे कुठल्याही नागरिकाला असतो तो खाजगी संरक्षणाचा हक्क. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत तो 96 ते 106 मध्ये होता.

मालकाच्या वकिलाने कलम 41 वर बोट ठेवलं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, आणि राहण्याच्या किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणं, या प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणात हल्लेखोराचा जीव गेला तरी हक्क शाबूत राहू शकतो. गठाणींच्या गोदामाचं कुलूप रात्री तोडणारा यात येऊ शकतो. पण उघड्या आवारातली केबल म्हणजे इमारत नव्हे. तिथे साधी चोरी होते आणि साध्या चोरीत जीव घेण्याइतका हक्क तेव्हाच, जेव्हा मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असते. शिवाय या सगळ्यावर कलम 37 ची मर्यादा: सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. हक्क होता हे दाखवण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे गोळी चालवणाऱ्यावर. 'मालकाने लिहून दिलं होतं' हा बचाव होत नाही. उलट ते रजिस्टरचं पान मालकाला चिथावणीच्या कलमांत ओढून नेईल. वकिलाने हे मान्य केलं तेव्हा मालकांचा सूर बदलला.

कोणते पर्याय होते

बंदुका परत पाठवून फक्त लाठ्या ठेवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. पण मजूर त्याच आवारात कुटुंबासह झोपत होते आणि कोयता दिसून गेला होता. दुसरा मार्ग मालकाचा हुकूम थोडा नरम करून ठेवण्याचा. तो सुभेदाराने एका वाक्यात मोडीत काढला: हुकूम दिसण्यावर आधारलेला आहे, तो कृतीवर आधारला पाहिजे.

आवाज, हवेत, पायावर या पायरीवर मात्र खरी चर्चा झाली, आणि ती या आवारापुरती दोन कारणांनी बाद झाली. बाराबोरच्या तोंडातून ठिणग्या आणि जळती दारू बाहेर पडते, गंजी पंचवीस मीटरवर असली तरी आवारात उडालेली रुई सगळीकडे असते. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत तासन्‌तास धुमसते. चोर दोन पोती नेईल, इशाऱ्याची गोळी गंजी नेईल. शिवाय 2019 च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा निष्काळजी गोळीबार हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पायावरचं तर बाराबोरमध्ये जमतच नाही. मोठ्या छऱ्यांचं काडतूस साध्या नळीतून मीटरमागे ढोबळ अडीच सेंटिमीटर पसरतं, म्हणजे पंचवीस मीटरवर साठ सेंटिमीटरच्या आसपास. गुडघ्यावर धरलेला नेम जांघेपर्यंत जातो, मांडीची धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो.

राहिला स्वतःचं कार्ड लिहिण्याचा मार्ग. कायदा जेवढं देतो त्याच्या बरंच खाली थांबणारं कार्ड. सगळ्या सैन्यांत हेच चालतं: कायदा ही वरची हद्द, आणि काम व धोरण पाहून नियम तिच्या आत आखायचे.

काय केलं

मालकाने रजिस्टरमधला हुकूम तारखेसह लेखी मागे घेतला. पान फाडलं नाही, हे महत्त्वाचं. फाडलेलं पान पुढे कोर्टात जास्त महागात पडतं. मग पोस्टकार्डाएवढं मराठी कार्ड लॅमिनेट करून दोघांच्या खिशात दिलं:

बंदूक उघडी, दोन काडतुसं वरच्या खिशात. हत्यार घेऊन माणूस अंगावर येतोय किंवा खोल्यांकडे जातोय असं दिसलं तरच भरायची.
आधी आडोसा, मग बॅटरी. उजेड तोंडावर नको, हातांवर.
आवाज वऱ्हाडीत आणि हिंदीत: थांब, कोण हाय, हातातलं खाली टाक.
112, मग सुपरवायझर, मग मालक. याच क्रमाने.
मागे सरकता येत असेल तर सरका. माल गेला तर चालेल.
गोळी फक्त स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव जातोय, किंवा जबर इजा होतेय आणि दुसरी वाट नाही, तेव्हाच.
हवेत नाही. पळणाऱ्यावर नाही. गर्दीवर नाही.
गोळी चाललीच तर जखमीला आधी मदत, रिकामी काडतुसं जागेवर, पोलीस येईपर्यंत काहीही हलवायचं नाही.

मागे सरकण्याची ओळ कायद्याने लागत नाही. हल्ला झालेल्याने पळ काढावा अशी अपेक्षा आपली न्यायालयं करत नाहीत. तरी ती घातली, कारण पस्तीस हजारांच्या केबलसाठी गार्डला दहा वर्षं कोर्टाच्या चकरा मारायला लावणं कोणालाच परवडणारं नव्हतं. आगीवर वाद झाला. गोदामाच्या भिंतीपलीकडेच माणसं झोपतात म्हणून गोदामाला आग लावणारा हा जीवाचा धोका धरायचा असं ठरलं. उघड्या गंजीसाठी आधी वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा पाइप.

बाकी कामं साधी होती आणि खरं तर तीच आधी व्हायला हवी होती. मागच्या भिंतीवर चार एलईडी फ्लड लाइट, केबल जमिनीखालच्या पाइपात, बारा तासांची पाळी आठवर. थंडीत हवालदार जुनं फौजी जॅकेट घालायचा, ते बंद केलं. खाजगी गार्डने सैन्यासारखा पोशाख घालणं हा खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अंधारात त्या जॅकेटमुळे समोरच्याचा गैरसमज होतो तो वेगळाच.

पऱ्हाटीतला माणूस

जानेवारीच्या शेवटी, रात्री दोन. पाळी नाईकाची. धुऱ्यावरून बॅटरीचा उजेड हलत भिंतीकडे आला आणि भिंतीच्या पडलेल्या कोपऱ्यातून एक माणूस आत उतरला. खांद्यावर कुऱ्हाड. अनोळखी, रात्रीचा, भिंतीच्या आत, हत्यारबंद. जुन्या हुकमातली एकूण एक अट पुरी झाली होती.

नाईक खांबाआड गेला, उजेड हातांवर टाकला, आवाज दिला. कुऱ्हाड खाली पडली. "मारू नका जी, मी बाजूच्या वावरातला हावो. डुकराच्या मांगं आलो!" तो जागलीवरचा शेतकरी होता. या भागात कापूस-तुरीच्या हंगामात निम्मं गाव रात्री जागलीवर असतं, हातात बॅटरी आणि कुऱ्हाड किंवा काठी. चोर ओळखण्याची जी खूण मालकाला पक्की वाटत होती, ती शेजारच्या प्रत्येक शेतकऱ्याला लागू पडत होती.

गोळी चालली नाही, पण सगळं सुरळीतही झालं नाही. नाईकाने कुऱ्हाड दिसताच बंदूक भरली होती आणि नळी त्या माणसाच्या छातीकडे होती. सकाळी पोलीस पाटील आणि दहा-बारा गावकरी फाटकावर आले. बंदूक रोखल्याची तक्रार द्यायची त्यांची तयारी होती. ती टळली, कारण कार्ड दाखवता आलं आणि मालकाने पडका कोपरा त्याच आठवड्यात बांधून द्यायचं कबूल केलं. कार्डात दोन ओळी वाढल्या: आवाजाचं उत्तर येईपर्यंत नळी जमिनीकडे, आणि जागलीवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर केबिनमध्ये लावून ठेवायचे. गावाने बॅटरी तीनदा विझवून-पेटवून ओळख द्यायची खूण मान्य केली.

फेब्रुवारीत पुन्हा एकदा सरकीची सहा पोती गेली. हवालदाराने पिकअपचा नंबर टिपला, 112 ला दिला. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली, सरकी नाही. मालकांनी कुरकुर केली, पण रजिस्टरला हात लावला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कार्ड पहिल्या पाळीच्या आधी द्यायला हवं होतं, चोरीनंतर नाही. एजन्सीने करार करताना मजुरी, पाळ्या, गणवेश सगळं लिहिलं आणि बळाच्या वापरावर एक ओळ लिहिली नाही. ती रिकामी जागा मालकाने रागाच्या भरात भरली. आवाराची पाहणी रात्री केली असती तर जागलीचे उजेड पहिल्याच फेरीत दिसले असते. दिवसा पाहिलेल्या आवारावर रात्रीचे नियम लिहिले गेले.

नाईकाने रजिस्टरवर सही केली त्या दिवशी त्याला फाटकावरून काढायला हवं होतं, असं एजन्सीतल्या काहींचं मत आहे. ते पटत नाही. जानेवारीत आवाज देऊन थांबला तो तोच माणूस. सवय बदलली, कारण ती कुठून आली हे त्याला कोणीतरी समजावून सांगितलं.

बंदूक भरलेली ठेवायची की उघडी, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. हवालदार उघडीच्या बाजूचा, कारण भरलेल्या बंदुकीचा अपघात चोरापेक्षा आधी होतो. नाईक म्हणतो, कोयतेवाला वीस मीटरवरून तीन-चार सेकंदांत अंगावर येतो आणि जानेवारीच्या गारठ्यात बधिर बोटांनी दोन काडतुसं नळीत घालायला तेवढा वेळ लागतोच. दोघांचंही म्हणणं खरं आहे. पुढच्या हंगामाआधी मोकळ्या मैदानात, पहाटेच्या थंडीत, नकली काडतुसं आणि घड्याळ घेऊन ते मोजायचं ठरलं आहे, आणि त्याप्रमाणे कार्डातली पहिली ओळ राहील किंवा बदलेल.